सुपातले वाघ

“हात नोका लावू कोनी. मोजून ठेवले हायेत.”

हे वाक्य गार्डसाहेब रिकाम्या गल्लीला उद्देशून म्हणत. संध्याकाळी शाळा सुटली, की ओट्यावर खाऊचं सूप आणून ठेवायचं, वरचं फडकं अर्धं बाजूला सारायचं, हे एवढं मोठ्यानं बोलायचं आणि पाठ फिरवून घरात जायचं. सूप रिकामं व्हायला जेवढा वेळ लागतो, बरोबर तेवढाच वेळ ते आत थांबत. मग बाहेर येऊन कमरेवर हात ठेवत आणि चोरांच्या नावानं असा काही गजर करत, की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठून उभी राहत.

मारेगावात आम्ही राहायला आलो तेव्हा पहिले काही दिवस मला त्यांची दया आली. म्हातारा माणूस, रोज चोरी होते आणि रोज सूप त्याच जागी ठेवतो. विसरभोळे असतील, असं मी बायकोला म्हणालो. तुम्हीही तेच म्हणाला असता.

ते निवृत्त वनरक्षक होते. सगळी नोकरी जंगलात गेली. सागाची लाकडं चोरणाऱ्यांच्या मागे फिरून पाय असे झाले होते, की ते मागून येऊन उभे राहिले तरी पावलांचा आवाज येत नसे. गल्ली त्यांना गार्डसाहेब म्हणायची, पोरं आबाजी म्हणायची, आणि त्यांच्या बायकोला आम्ही सगळे काकू म्हणायचो. सुपातलं सगळं काकूच करत. एकदा मी विचारलं तेव्हा त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, “सारा जन्म यायनं चोर पकडले. आता चोर पोसून राह्यले.”

पण हे मला कळलं ते पुष्कळ उशिरा.

आमची मनू तेव्हा दुसरीत होती. ती जेवत नसे, असं म्हणणं कमीच आहे. ताटासमोर ती परीक्षेला बसल्यासारखी बसायची आणि कोरा पेपर देऊन उठायची. पालेभाजी दिसली की तिला ओकारी यायची; कुरकुरीत खाऊची पुडकी दिसली की भूक लागायची. माझी बायको ग्रामीण रुग्णालयात परिचारिका. ती दर रविवारी मनूची खालची पापणी ओढून आतला रंग बघायची आणि माझ्याकडे बघायची. डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लाल औषध दिलं होतं. ते मनू तोंडात धरून मोरीत थुंकत असे, हे आम्हाला मोरीच्या डागांवरून कळलं.

एका संध्याकाळी धुवायला टाकलेल्या तिच्या फ्रॉकच्या खिशात मला वाघाचा मागचा अर्धा भाग सापडला.

थालीपीठाचा वाघ होता तो. ज्वारीच्या पिठाचा, हिरवट, अंगावर तिळाचे पट्टे, शेपूट वर. मी वास घेतला. शेवग्याच्या पाल्याचा वास मला चांगला माहीत आहे, कारण तो पाला आमच्या घरात रोज रात्री टाकून दिला जायचा. मनूला बोलावलं. तिनं वाघाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मुळीच न लाजता सांगितलं, की आबाजींच्या सुपातून चोरला. पुढचा भाग खाल्ला. हा उद्यासाठी ठेवला होता.

मी शाळेत मास्तर. त्याच आठवड्यात सहावीला प्रामाणिकपणावर निबंध लिहायला दिला होता. मी चप्पल घातली आणि माफी मागायला थेट त्यांच्या ओट्यावर गेलो. मी बोलायला लागलो तसं त्यांनी माझं मनगट धरून मला आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

“सर, तुम्ही तिले रागावले तं नाई ना?”

मी म्हणालो, अजून नाही.

“मंग रागावूच नोका. चोरी बंद झाली का तिचं खानं बंद होते.”

मग त्यांनी मला सगळं दाखवलं. पत्र्याच्या डब्याची झाकणं कापून, कडा वाळूवर घासून त्यांनी साचे केले होते. वाघ, अस्वल, ससा, रोही म्हणजे नीलगाय. गल्लीतल्या सहा पोरांपैकी कोण काय खात नाही, हे त्यांना त्यांच्या आईबापांपेक्षा जास्त ठाऊक होतं. ज्याला डाळ नको त्याच्यासाठी अस्वलाच्या पोटात डाळ. मनूसाठी वाघात पाला. अंबाडीच्या लाल सरबताची बाटली ते मुद्दाम खिडकीत ठेवत, कारण सरळ हातात दिलेलं सरबत आंबट लागतं आणि खिडकीतून काढलेलं गोड. जंगलातही त्यांनी हेच पाहिलं होतं म्हणे. जिथं मनाईची पाटी लावली तिथंच लोक जायचे.

त्या दिवसापासून मीही कटात सामील झालो. दिवसा वर्गात मी खरं बोलण्याचे फायदे सांगायचो आणि संध्याकाळी मनू घरात शिरली, की तिच्या तोंडाभोवतीचे तीळ न दिसल्यासारखं करायचो. बायको तर माझ्याही पुढे गेली. मनूच्या फ्रॉकला तिनं दुसरा खिसा शिवून दिला.

या चोरीत पकडलं जाण्याचीही सोय होती. आठवड्यातून एकदोघांना ते खरोखर पकडत आणि मागच्या अंगणात नेऊन शिक्षा देत. शिक्षा म्हणजे काहीतरी तयार करून दिल्याशिवाय सुटका नाही. पळसाच्या पानांचे द्रोण, ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी, कपाशीच्या वाळक्या बोंडांची घुबडं. घुबडाला डोळे सरकीचे. डिंक काकूंच्या वाटीत भिजवलेला. मनूनं एका महिन्यात चार घुबडं केली, म्हणजे ती चारदा पकडली गेली. एवढ्या वेळा पकडलं जाणं हे हलगर्जीपणाचं लक्षण नव्हतं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

मग कोपऱ्यावरच्या घरात एक गृहस्थ राहायला आले. माणूस सज्जन होता, म्हणूनच घोटाळा झाला. त्यांनी एका संध्याकाळी मनूला ओट्यावरून उतरताना पाहिलं आणि दंडाला धरून भर गल्लीत उभं केलं. तिच्या दोन्ही हातांत एकेक वाघ होता. त्यांनी गार्डसाहेबांना हाक मारली, शेजाऱ्यांना बोलावलं. ही मास्तरांची मुलगी ना, असं कुणीतरी म्हणालं. मी दारात होतो. मला सगळं माहीत होतं. एका वाक्यात मी तिला सोडवू शकलो असतो. पण सगळे माझ्याकडे बघत होते आणि माझी जीभ हलेना. मनूचा चेहरा पांढरा पडला होता. खेळातली चोरी आणि खरी चोरी यांतला फरक तिला त्या क्षणी कळत होता.

गार्डसाहेब बाहेर आले. त्यांनी आधी गृहस्थांचा हात मनूच्या दंडावरून हळूच काढला.

“पोरगी चोर नाई,” ते म्हणाले. “हे सारं मी यायच्यासाठीच ठेवतो. सरळ देलं तं खात नाईत, म्हनून. खोटा मी हाय.”

गृहस्थ वरमले. त्यांनी माफी मागितली, लोक हसले आणि पांगले. मनूवरचा आळ गेला. पण पोरं हसली नाहीत. घरी आल्यावर मनू भिंतीला टेकून बसली. मग तिनं मला विचारलं, “म्हणजे ते आम्हाला भरवत होते?”

मी हो म्हणालो.

“बाळाला भरवतात तसं?”

चोर म्हटलेलं तिला चाललं असतं, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सूप ओट्यावर भरलेलं राहिलं. तिसऱ्या दिवशीही. गार्डसाहेब फडकं सारत, वाक्य म्हणत, आत जात, आणि बाहेर येऊन भरलेल्या सुपाकडे बघत उभे राहत. चौथ्या दिवशी त्यांनी वाक्य म्हटलं नाही. काकू सांगायच्या, ते स्वतःही नीट जेवत नव्हते. आमच्याकडे मनूचं ताट पुन्हा कोरं परत येऊ लागलं. मी त्यांना भेटायला गेलो, तर त्यांनी मला खुर्ची दिली आणि साचे पुसत बसले. मी वेळेवर बोललो असतो तर त्यांना बोलावं लागलं नसतं, हे मला म्हणायचं होतं. तेही मला जमलं नाही.

त्या रविवारी सकाळी ते आमच्या दारात आले. शर्ट इस्त्रीचा होता. चेहऱ्यावर असं काही तेज होतं, की मला वाटलं, नातू झाला.

“सर, तक्रार द्यायची हाय,” ते म्हणाले. “तुमच्या पोरीनं चोरी केली. खरीखुरी.”

शेवटच्या नेमणुकीच्या गावातून आणलेली चारोळीची बरणी ते माळ्यावर पेटीच्या मागे ठेवत. सणाच्या खिरीत चिमूटभर टाकायची, बाकी कुणाला दाखवायचीही नाही. ती बरणी गेली होती. सहाही पोरं मागच्या खिडकीतून शिरली होती. काकूंनी पाहिलं, पण त्या भिंतीकडे तोंड करून लसूण सोलत राहिल्या. बरणीच्या जागी वहीचं पान होतं. ते पान त्यांनी मला वाचायला दिलं. अक्षर मनूचं.

“बरणी आमच्याकडे आहे. वाघ करायला शिकवा. भरवायचं नाही. — चोर.”

खाली सहा अंगठे, अंबाडीच्या सरबतात बुडवून उठवलेले. त्यांनी ते पान घडी करून खिशात ठेवलं आणि मला म्हणाले, की एवढ्या वर्षांच्या नोकरीत इतकी साफ चोरी पाहिली नाही. खिडकीच्या गजावर धूळसुद्धा हललेली नव्हती.

त्याच दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरात वर्ग भरला. काकू मास्तरीण. पोरांनी शेवग्याचा पाला निवडला, पीठ मळलं, भांडून साचे वाटून घेतले. पहिल्या खेपेला वाघांच्या म्हशी झाल्या. मनूच्या वाघाला पाच पाय होते; तिचं म्हणणं, पाचवा पाय नाही, शेपूट आहे. आत काय घातलंय हे तिला पुरतं ठाऊक होतं, कारण तो पाला तिनंच घातला होता, आणि तरी तिनं तो शेवटच्या तिळापर्यंत खाल्ला. दुसरा वाघ ती घरी घेऊन आली आणि मी तो पूर्ण खाईपर्यंत माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

बरणी त्यांना एका अटीवर परत मिळाली: गुळाला हात लावायचा नाही. त्यांना साखरेचा त्रास होता, म्हणून गुळाच्या डब्यावर पोरांनी पहारा बसवला. ते रोज एकदा तो डबा उघडायचा प्रयत्न करत आणि रोज पकडले जात. शिक्षा म्हणून त्यांनी किती द्रोण लावले, त्याला हिशेब नाही.

पुढे एका रविवारी बायकोनं मनूची पापणी ओढून पाहिली, सोडली, आणि गुणगुणत चहा टाकायला गेली.

मागच्या उन्हाळ्यात गार्डसाहेब आणि काकू नागपूरला मुलीकडे गेले. काकूंचे गुडघे पार गेले होते आणि इथं करणारं कुणी नव्हतं. सामानाचा टेम्पो भरला. सगळी गल्ली निरोपाला बाहेर आली, पण सहा पोरांतलं एकही नव्हतं. ते पुढे खिडकीशी बसले, काकू मध्ये. खिडकीतून ते सारखे मागे बघत होते. आमच्याकडे नाही, आमच्या पाठीमागे. मला मनूचा फार राग आला. टेम्पो वळणावर दिसेनासा होईपर्यंत त्यांची मान वळलेली होती.

अर्ध्या तासानं टेम्पो परत आला. वणीच्या रस्त्यावर मागून शिंक ऐकू आली, म्हणून ड्रायव्हरनं गाडी थांबवली होती. ताडपत्री उचलली तर गाद्यांच्या मध्ये सहा पोरं. ड्रायव्हर मला सांगत होता, की म्हातारा खाली उतरला, पोरांकडे पाहिलं आणि रस्त्याच्या कडेला बसूनच गेला. आधी हसत होता, मग हसतो का रडतो तेच कळेना.

पोरं एकेक करून उतरली. गार्डसाहेबांनी प्रत्येकाला हात धरून उतरवलं, मनूला सगळ्यांत शेवटी. मग ते पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसले.

त्यामुळे त्यांना आम्ही दोनदा निरोप दिला. दुसऱ्या वेळी पोरं रस्त्याच्या मधोमध उभी होती आणि गार्डसाहेबांनी एकदाही मागे पाहिलं नाही.