पेज निवेपर्यंत

"आत्या, आई गेली," भाचा फोनवर एवढंच म्हणाला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता आणि इकडे माझ्या गॅसवर कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता. तो बंद करायचंही मला सुचलं नाही. वहिनी जाणार हे महिनाभर ठाऊक असूनही. भिवंडीतून वडप्याला माहेरी निघाले, तर नेहमीसारखी कंटेनरच्या रांगेत रिक्षा अडकली. दारात पोहोचले तेव्हा गावातल्या बायका जमल्या होत्या आणि त्यांचं बोलणं माझ्या कानावर पडलं. "एवढं भरलं घर, आनि बाई उपाशी मेली." मला राग आला. पण मेलेल्या माणसाच्या दारात भांडता येत नाही, म्हणून गप्प बसले. तेव्हा गिळलेलं आता लिहिते आहे.

हिरावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होते. तिच्या हातच्या तांदळाच्या भाकरीचं आणि सुकटीच्या कालवणाचं नाव पंचक्रोशीत होतं. तेव्हा आमच्याकडे म्हशी होत्या आणि दादा भिवंडीतल्या चहावाल्यांना दूध घालायचा. धारा वहिनीच काढायची. एकदा एका म्हशीचं रेडकू मेलं. म्हैस पान्हा सोडेना, तेव्हा सगळीकडे करतात तेच दादाने केलं. रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून आणला आणि म्हशीपुढे ठेवला. म्हैस फसली. त्या दिवसापासून वहिनीने दूध तोंडाला लावलं नाही, चहासुद्धा कोरा प्यायला लागली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "ती त्या पेंढ्याला चाटत व्हती, मालू, आनि मी खाली बसून पिळत व्हते. मना आता घोट जात न्हाय." बस्स. कुणाला उपदेश नाही, कुणाच्या चहाकडे वाकडी नजर नाही. घरच्यांना दूध तापवून तीच द्यायची.

पुढे शेतावर गोदाम उभं राहिलं, म्हशी विकल्या, दादाच्या हातात रिकामा वेळ आला आणि वहिनीच्याही. कल्याणकडे एका आश्रमात निसर्गोपचाराचं शिबिर होतं, तिथे ती शेजारणीबरोबर गेली. शेजारीण चार दिवसांत कंटाळून परतली. वहिनी आली ती चुलीवरचं सगळंच सोडून. मासळी-मटण गेलं, भात-भाकरीही गेली. मोड आलेले मूग-मटकी, ओलं खोबरं, काकडी, केळी, भिजवलेले शेंगदाणे, शेतातली माठाची कोवळी पानं... एवढ्यावर बाई दहा-बारा वर्षं राहिली. मी तिला म्हटलं होतं, "वहिनी, अगं मासळी सोडलीस ते समजलं, भाताने तुझं काय घोडं मारलं?" ती हसली. म्हणाली, "भातानं काय न्हाय. पन शिजवलेलं परत उगवत न्हाय. जीव असलेलं पोटात जातंय, तर मन पन जागं ऱ्हातंय." दादा कसला सोडतोय! "मग मोड आलेल्या मुगाला जीव न्हाय काय? त्याचं रोपटं व्हनार व्हतं, ते तू खाल्लंस." संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता वहिनी म्हणाली, "तुमचं बरोबर हाय. म्हनून तर पहिली मूठ हात जोडून घेते."

ती पहिली मूठ मी कितीदा पाहिली आहे. मूग तळहातावर घ्यायची, दुसरा हात त्यावर झाकायची, डोळे मिटायची आणि मग खायची. त्या मुठीपुरती ती कुणाशी बोलत नसे. आमच्या घरातली पूजा तीच, असं मला वाटायचं. बाकी स्वयंपाक मात्र तिचाच. बुधवारी-रविवारी बोंबील-कोलंबी साफ करायची, कालवण चाखायची वेळ आली की सुनेला हाक मारायची. डॉक्टरांनी रक्त तपासून इंजेक्शनं घ्यायला सांगितली, तर तीही निमूट घेतली. "सुईला कुठं चुलीवर चढवतात," म्हणायची.

सोसलं नाही ते दादाला. आधी दोघं शेवटच्या पंगतीला एकत्र बसायची, त्याच्या ताटातला माशाचा काटा तीच काढून द्यायची. आता ताटं वेगळी झाली. तिला चावायला वेळ लागायचा, हा पाच मिनिटांत भुरकून उठायचा. "तुझं रवंथ होईस्तोवर माझी एक झोप व्हईल," असं चिडवायचा. पण एकदा मला एकटीला म्हणाला, "मालू, सगळं हाय गं. जेवायला सोबत न्हाय ऱ्हायली."

आजार निघाला तो स्वादुपिंडाचा, आणि निघाला तेव्हा फार उशीर झालेला होता. याचा खाण्याशी संबंध नाही, असं डॉक्टरांनी दादाला समोर बसवून सांगितलं. त्याने मान हलवली. त्याला ते पटलं होतं की नाही, देव जाणे. शेवटी शेवटी वहिनीला काकडीची चकतीही चावेना. नारळपाणी तेवढं जायचं. अशात एक दिवस दादा इस्पितळात डबा घेऊन आला. आयुष्यात ज्याने चहाचं आधण ठेवलं नाही, त्याने सुनेला बाहेर बसवून स्वतः पेज केली होती. बोटाला भाजल्याचा फोड होता. डबा उघडून तो अपराध्यासारखा म्हणाला, "तूप न्हाय घातलं. नुसतं तांदूळ, मीठ आनि पानी." वहिनीने आधी पेजेकडे पाहिलं, मग त्याच्या बोटाकडे. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. तिने हात जोडले, डोळे मिटले, मुगाच्या मुठीपुढे मिटायची तसेच, आणि तोंड उघडलं. तीन चमचे खाल्ले. दादा डबा धुवायला बाहेर गेला, तेव्हा मला म्हणाली, "बरी झालीय गं. मीठ जरा जास्त हाय." आणि थोड्या वेळाने, "कुनाला दुखवायचं न्हाय म्हनून सोडलेलं ना मी... मग ह्यांना कशी दुखवू?"

दहाव्याला तळ्याच्या काठी पिंड मांडला. शेजारी पानावर तिच्या आवडीचं म्हणून जे ठेवलं ते पाहून मला हसावं की रडावं कळेना. सुकटीचं कालवण, वड्या आणि वर म्हशीच्या दुधाची खीर! गावाला आठवत होती ती जुनी हिरा, कालची कुणालाच नाही. कावळा येईना. ढाब्यांवर पोसलेले आमचे कावळे, त्यांना कसली भूक? तरी रीतीप्रमाणे एकेकजण पुढे होऊन कबूल करू लागला. "नातीचं लग्न थाटात करू." "गोदामाची जागा विकनार न्हाय." कावळे झाडावरून बघत राहिले. मी सुनेला मूग आणायला घरी पिटाळलं. तिने घाईने आणून ठेवले, तरी एकही खाली उतरला नाही. मग दादा पुढे झाला. त्याचा आवाज इतका खाली गेला होता की मागे उभ्या असलेल्या मला कसाबसा ऐकू आला. "हिरे, तुझा नेम मी मोडला. शेवटच्या टायमाला मीच मोडला. माफ कर."

तरीही कावळा पिंडाला शिवला नाही. अखेर भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि माणसं पांगली. दादा मात्र पिंडाकडे बघत तसाच बसून होता, जणू आपल्याला शिक्षा सुनावली गेली. इतके दिवस तो हे एकटाच वाहत होता आणि मला पत्ता नव्हता. मी तिथेच ओल्या पायरीवर त्याच्याजवळ बसले आणि वहिनी इस्पितळात जे बोलली ते तिच्याच शब्दांत सांगितलं. त्याने विचारलं, "मीठ जास्त झालं म्हनाली?" मी म्हटलं, "हो." तेव्हा माझा सत्तरीचा भाऊ तोंडावर पंचा धरून रडला. वहिनी गेल्यापासून पहिल्यांदाच.

गेल्या आठवड्यात वडप्याला गेले होते. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या खिळ्याला वहिनीचं मटकीला मोड आणायचं फडकं अजून टांगलेलं आहे, आणि ते ओलं होतं. मला वाटलं सुनेचं काम असेल. दुपारी दादाने आपल्या हाताने पेज वाढून घेतली. आता त्याला ती छान जमते. वाटीशेजारी फडकं सोडून ठेवलं. "मना तिच्यासारखं ऱ्हायला जमनार न्हाय," तो म्हणाला, "पन आधी एक मूठ हे, मग पेज." त्याने मटकी तळहातावर घेतली, दुसऱ्या हाताने झाकली, डोळे मिटले. तोंडात दात थोडेच उरलेत, त्यामुळे ती एक मूठ संपता संपेना. मी म्हटलं, "दादा, पेज निवतेय." त्याने डोळे न उघडताच हाताने मला थांब म्हटलं आणि चावत राहिला.