पिंकीला ताप आला म्हणून रद्द झालेलं जेवण

परभणीकर मैत्रिणींनो, आत्ताच हॉटेलातून घरी आलेय आणि लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी जर्मनीत राहते. तिथं माझ्या पाच वर्षांच्या ओमला घेऊन हॉटेलात गेलं की लोक वळून वळून बघतात. तो मोठ्यानं बोलतो, टेबलाखाली शिरतो. सुट्टीला परभणीत आले तेव्हा वाटलं, चला, आता मोकळेपणानं बसून जेवू.

आज शाळेतल्या मैत्रिणींसोबत लेकरांना घेऊन पुन्हा एकदा जेवायला जायचं ठरलं होतं. सकाळी रेखाचा फोन आला. "अगं, माझ्या पिंकीला ताप आलाय. आज ऱ्हाऊ दे."

ओम हिरमुसला. त्याला डोसा हवाच होता, म्हणून आम्ही दोघंच जिंतूर रोडच्या हॉटेलात गेलो. तर आत सगळ्या मैत्रिणी बसलेल्या, सगळ्यांची लेकरंसुद्धा! पिंकी आइस्क्रीम खात होती.

ओम पळतच गेला. "मावशी, पिंकीचा ताप गेला?"

रेखानं मला बाजूला घेतलं. "राग मानू नको. मागच्या वेळी ओमनं लय दंगा केला. सगळ्या म्हनल्या, आज जरा निवांत बसू."

"मग तसं सांगायचं होतंस."

"तुला वाईट वाटलं असतं."

आम्ही दुसऱ्या टेबलावर जेवलो. ओम सारखा विचारत होता, "आपण तिकडं का नाही बसायचं?" मी म्हणाले, तिथं जागा नाही.

परक्या लोकांच्या नजरा मला कधी एवढ्या बोचल्या नव्हत्या. तुम्हीच सांगा, रेखाशी पुन्हा बोलू का नको?