म्हैसूरच्या रंगारी आळीत मोकळ्या कपाळानं

जायचं नक्की झालं तेव्हा आनंद झाला असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर त्या दिवसापासून मला भीती वाटत होती.

नगरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीनं ठरवलं होतं की मी वर्षभर म्हैसूरच्या शिक्षणगृहात राहावं आणि घरोघरी जाऊन बायकांना वाचायला शिकवायचं, शुभवर्तमान सांगायचं काम शिकावं. तिथं पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणारी घरं पुष्कळ, पण त्या घरांत शिरेल अशी बाई शिक्षणगृहाकडे नव्हती. आमचे हे तेव्हा नगरलाच उपदेशकाचं शिक्षण घेत होते. लग्नाला दोन वर्षं झाली होती. स्टेशनावर ते म्हणाले, "वर्षच तर आहे."

ज्या बहिणींना तिकडे जायचं असेल त्यांनी पुण्याहून मिरज, हुबळीवरून जाणारी गाडी धरावी आणि बायकांच्याच डब्यात बसावं. भाकऱ्या तीन दिवसांच्या घ्याव्यात, चटणी कोरडी. तुंगभद्रा ओलांडली की म्हैसूरचं राज्य लागतं. तिथं प्लेगच्या तपासणीसाठी सगळ्यांना खाली उतरवतात. कनातीआड एक बाई काखा आणि जांघा चाचपते. माझ्या पुढच्या म्हातारीला तिनं बाजूला उभं केलं. म्हातारी नुसती "मी बरी हाये, मी बरी हाये" म्हणत राहिली. गाडी सुटली तरी ती तिथंच उभी होती. पुढचा सगळा प्रवास मी स्वतःची काख चाचपत केला.

म्हैसूर नजरेत भरतं. रस्ते रुंद, झाडं ओळीनं लावलेली, हवा थंड. मला मात्र टांगेवाल्याची बोलीही कळेना. चिठ्ठीवरचा पत्ता त्यानं दुसऱ्याकडून वाचून घेतला, तेवढा वेळ मी ट्रंकेवर हात ठेवून बसले होते.

शिक्षणगृहात आम्ही नऊ जणी. मुख्य मडमबाई उंच, शिस्तीच्या, मराठी तुटक पण स्वच्छ बोलायच्या. पहाटे प्रार्थना, मग कानडीचे धडे, दुपारी शिवण, तिसऱ्या प्रहरी घरभेटी. जेवायला नाचणीचे गरम उंडे आणि पातळ सार. पहिल्या दिवशी मी उंडा चावायला गेले तर शेजारची मुलगी हसली, "चावायचा नाही, गिळायचा." गिळला. घशातून उतरेना आणि डोळ्यांत पाणी आलं, ते उंड्याचं म्हणून खपलं.

दुसऱ्या महिन्यात मडमबाईंनी मला रंगारी आळीत पाठवलं. एकटीला. आधीच्या बायकांवर तिथं रंगाचं उरलेलं पाणी फेकलं होतं, हेही त्यांनी लपवलं नाही. आळीत दोऱ्यांवर लाल, निळी लुगडी वाळत होती. पहिल्याच ओट्यावर पन्नाशीची एक बाई कोपरापर्यंत निळ्या हातांनी कापड पिळत होती. मी काय बोलावं ते पाठ करून गेले होते, पण तिच्याकडे पाहून एवढंच निघालं, "बाई, थोडं पाणी मिळेल का?"

ती ताडकन उठली. "अय्यो! आमच्या बोलीतलं बोलतेस! ओळगे बा, आत ये, आत ये."

तिचं नाव तुळसाबाई. तिनं चुलीपाशी पाट दिला, तांब्या दिला. मग माझ्या कपाळाकडे पाहिलं. आम्ही ख्रिस्ती बायका कुंकू लावत नाही, हे तिला कुठून ठाऊक असणार?

"एवढ्या लहान वयात, अम्मा," ती हळू आवाजात म्हणाली. "कधी गेले ते?"

तेव्हाच मी सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर मी ख्रिस्ती आहे हेही सांगावं लागलं असतं, आणि तांब्या माझ्या ओठांना लागलेला होता. मी मान खाली घातली. तुळसाबाईनं तिचा अर्थ तिच्या परीनं घेतला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

संध्याकाळी मडमबाईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. जिथं कुणी उंबरा ओलांडला नव्हता तिथं मी थेट चुलीपर्यंत पोचले होते!

त्यानंतर दोन महिने मी दर मंगळवारी जात राहिले. तुळसाबाईच्या सुनेला अक्षरं शिकवली. प्रभूचं नाव एकदाही काढलं नाही. तुळसाबाई माझ्यासाठी वेगळा घास काढून ठेवायची, "बिचारीला कोण आहे" म्हणायची. प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगू. प्रत्येक वेळी पाट पुढं यायचा आणि मी सुनेची पाटी हातात घ्यायचे.

मग मडमबाई आम्हाला बैलगाडीनं तलकाडकडे घेऊन गेल्या. वाटेत सोसल्याला मुक्काम, गावोगाव उभं राहून गाणी म्हणायची. ज्यांना जमेल त्यांनी तलकाड पाहावंच. कावेरीकाठी वाळूचे डोंगर आहेत आणि त्यांच्या पोटात देवळं. एका देवळाचा नुसता कळस वर आलेला. मला तिथं उभं राहवेना. पाय वाळूत रुतत होते आणि देऊळ आतून श्वास धरून आहे असं वाटत होतं.

सहा दिवसांनी परतलो, तर माझ्या नावचं पत्र येऊन चार दिवस झाले होते. सासऱ्यांचं. ह्यांना ताप, काखेत गाठ. गाव सोडून सगळे शेतातल्या झोपड्यांत राहायला गेले आहेत. देव करेल ते खरं.

मडमबाईंनी लगेच तार केली. पण झोपडीत राहणाऱ्याला तार कशी मिळायची? दोन दिवस उत्तर नाही. माझ्या डोक्यात एकच विचार होता. मीच त्यांना आधी मारलं. त्या बाईनं विचारलं कधी गेले, आणि मी मान खाली घातली. असं मानणं आमच्या धर्मात बसत नाही, हे मला पाठ होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

तिसऱ्या दिवशी मंगळवार नसताना मी आळीत गेले. ओट्याखालीच उभी राहिले.

"तुळसाबाई, माझे मालक जिवंत आहेत. मी ख्रिस्ती आहे, म्हणून कपाळ मोकळं. मी तुम्हाला फसवलं. आणि आता त्यांना प्लेगची गाठ आली आहे."

तिच्या हातातलं कापड तसंच राहिलं. सून दारात येऊन उभी राहिली. तुळसाबाईनं तिला कानडीत काहीतरी सांगितलं. सून आत गेली आणि मी प्यायचे तो तांब्या चिमट्यात धरून राखेच्या ढिगावर टाकून आली.

"जातीचं खोटं बोललीस, ते पोटासाठी म्हणून सोडलं असतं," तुळसाबाई म्हणाली. "पण जित्या नवऱ्याला मेला म्हणू दिलंस? दोन महिने? माझ्या चुलीपाशी बसून?"

मी रडायला लागले. ती आत गेली. मला वाटलं, आता रंगाचं पाणी येणार. ती बाहेर आली तेव्हा हातात कुंकवाचा करंडा होता.

"इकडे कर तोंड."

"आमच्यात लावत नाहीत."

"तुमच्यात जित्याला मारतात काय गं? कर तोंड."

मी केलं. का केलं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. मला भीती वाटत होती आणि तिचा हात पुढं होता. तिनं ठसठशीत कुंकू लावलं आणि म्हणाली, "जा. पुन्हा आत यायचं नाही."

शिक्षणगृहाच्या फाटकाशी मी पदर कपाळापर्यंत नेला आणि थांबले. कुंकू पुसायचं? नवरा गाठीनं पडलेला असताना स्वतःच्या हातानं? जन्मात कधी लावलं नव्हतं ते आता मला पुसवेना. तशीच आत गेले.

मडमबाई पायरीवरच होत्या. त्यांनी पाहिलं. "हे काय आहे?"

मी सगळं सांगितलं. मला परत पाठवणार, हे मी धरूनच चालले होते.

"मी तुमचं कौतुक केलं, तेव्हाही तुम्ही गप्प होता," एवढंच त्या म्हणाल्या. मग माझ्याशेजारी पायरीवर गुडघे टेकले आणि ह्यांचं नाव घेऊन प्रार्थना केली. पुसा म्हणाल्या नाहीत. ते दोन दिवसांत घामानं आपोआप गेलं.

सातव्या दिवशी उत्तर आलं. गाठ फुटली, ताप उतरला, अशक्तपणा फार.

तुळसाबाईला सांगायला गेले. तिनं ओट्यावर बसू दिलं, वरून ओंजळीत पाणी घातलं. उरलेले सात महिने मी ओट्यावरच शिकवलं, सून उंबऱ्याच्या आत आणि मी बाहेर. प्रभूचं नाव काढलं की तुळसाबाई कापड जोरात आपटायची. पण उठून जा म्हणाली नाही.

वर्षानं नगरला आले. हे स्टेशनावर काठी टेकत आले होते. घरी जेवताना मी त्यांना सगळं सांगितलं. काय शिकून आलीस, असं मंडळीत विचारलं तर मी कानडी, शिवण, घरभेटी सांगते. खरं तर माझ्याजवळ उरलं ते एवढंच, की भिऊन गप्प राहिलं तरी कुणीतरी त्याचा अर्थ लावतंच. भीती अजून आहे. पण आता नव्या घराच्या पायरीवर मी कोण ते आधी सांगते. पुष्कळ दारं तिथंच बंद होतात.

त्या दिवशी जेवताना ह्यांनी घास हातात धरून ऐकून घेतलं.

"म्हणजे दोन महिने मी मेलेला होतो?"

"हो."

त्यांनी हातातला घास तोंडात घातला. मग म्हणाले, "आणखी एक भाकरी वाढ."