डॉटच्या कीबोर्डचा खडखडाट

लिंडसे ट्रेवार्था निवृत्त झाला तेव्हा त्याच्या बायकोला, मॉइराला, धास्ती वाटली ती त्याच्या बोटांची. चव्वेचाळीस वर्षं त्या बोटांनी लोकर चाचपली होती. ऑस्ट्रेलियातल्या हॅमिल्टनच्या आसपास मेंढ्या कातरायची अशी शेड नव्हती जिथे लिंडसे टेबलापाशी उभा राहिला नव्हता. मेंढीच्या अंगावरून उतरलेली लोकर समोर येऊन पडायची, तो चिमटीत धरायचा, कुठली कुठल्या ढिगात ते सांगायचा, की पुढची. आता ती बोटं मोकळी झाली आणि नको तिथे जाऊ लागली. कुणाकडे चहाला गेलं की पडद्याचं टोक. एकदा तर बँकेच्या रांगेत पुढच्या बाईच्या कोटाची बाही.

"ती ओळखीची तरी होती का रे?" मॉइराने बाहेर आल्यावर विचारलं.

"ओळखीची कशाला हवी? निम्मा नायलॉन होता तो कोट. कुणीतरी फसवलंय बिचारीला."

नाताळाला मेलबर्नहून मुलगी आली, टॅम्सिन. ती कॉम्प्युटरच्या नोकरीत. येताना तिने आपला जुना कीबोर्ड आणला, चांगला विटेएवढा जड. "बाबा, हा फार खडखडतो. टाकूनच देणार होते. म्हटलं, तुझ्या बोटांना उद्योग."

लिंडसेने तो स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडला आणि पुढचे चार दिवस मॉइराला टेबल मिळालं नाही. प्रत्येक अक्षराच्या टोपीखाली नखाएवढा एक स्विच. चिमट्याने ओढला की सुटा होतो. त्याच्या पोटात एक स्प्रिंग आणि वरखाली सरकणारा प्लास्टिकचा दांडा. प्लास्टिकवर प्लास्टिक घासतं ती खरखर. स्प्रिंग थरथरते तो टिंग आवाज. आणि खालच्या लांब पट्टीखाली एक तार असते, ती सैल असली की जुन्या फाटकासारखी वाजते. वंगण द्यायला हवं हे कळायला काही शिकावं लागत नाही. लिंडसेच्या घरात वंगण एकच, लोकरीतून निघणारी चरबी. तीच त्याने एकशेचार स्विचांना चोपडली.

जानेवारीत कीबोर्ड असा लोण्यासारखा चालला की लिंडसे येईल त्याला दाखवायचा. जूनमध्ये तिकडची थंडी पडली आणि चरबी थिजली. दाबलेलं अक्षर खाली गेलं की तिथेच मुक्काम. मुलीला पाठवलेल्या ईमेलमध्ये तिच्या नावातला शेवटचा 'न' दीड ओळ चालला.

टॅम्सिनने फोन केला तेव्हा तिला हसू आवरत नव्हतं. "बाबा, मेंढीची चरबी? खरंच?"

"मेंढीची कधी तक्रार आली नाही," लिंडसे म्हणाला.

तिने पोस्टाने खास वंगण पाठवलं आणि तीन केसांचा असावा असा बारीक ब्रश. लिंडसेने सगळे स्विच धुतले, वाळवले, पुन्हा केले. या खेपेला हात राखून. मग गावात बातमी पसरली. वाचनालयातला कीबोर्ड आला, पशुवैद्याच्या दवाखान्यातला आला. पडदे सुटले, मॉइराने देवाचे आभार मानले.

जुलैतल्या एका सोमवारी सकाळी दोघं न्याहारी करत होती आणि रेडिओवर डॉट किनेअरचा कार्यक्रम चालू होता. गावातलं ते छोटं रेडिओ केंद्र गावकरीच चालवतात. डॉट तिथे एकोणीस वर्षं रोज नऊ ते दहा बसते. लोक फोन करतात, कुणाचा कुत्रा हरवलाय, कुणाकडे चारा विकायला आहे, कुठल्या हॉलमध्ये नाच आहे. डॉट ऐकता ऐकता टाइप करते आणि लगेच वाचून दाखवते. तिचा आवाज गोड. पण त्याच्यामागे सतत असा गोंधळ, जणू कुणी पत्र्यावर वाटाणे ओततंय.

"तार सैल आहे," लिंडसे टोस्ट खाली ठेवून म्हणाला. "आणि स्प्रिंगा. ऐकलंस? टिंग."

"मी कुत्र्याचं ऐकतेय. तू खा."

त्याने खाल्लं नाही. टोपी घातली आणि गाडी काढून थेट केंद्रावर गेला.

कार्यक्रम नुकताच संपला होता आणि तिथे वेगळंच चाललं होतं. केंद्राची नवी व्यवस्थापक ग्रेटा हॉल्ट, तिशीची, कामसू पोरगी, डॉटच्या खुर्चीमागे हात बांधून उभी होती. "डॉट, गेल्या महिन्यात नऊ तक्रारी आल्यात. एक बाई विचारत होती, स्टुडिओत कुणी विणकाम करतंय का. तुला मी तो सपाट, बिनआवाजाचा कीबोर्ड आणून दिला, तो तू कपाटात ठेवलास."

"तो मला चालत नाही."

"का?"

"नाही चालत म्हटलं ना."

"मग शुक्रवारपर्यंत हा तरी गप्प कर. नाहीतर हा जाईल आणि तो येईल."

लिंडसे दारात खाकरला. "मी करतो गप्प," तो म्हणाला. "उद्या कार्यक्रम संपला की नेतो, परवा सकाळी आणून देतो."

डॉटने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तो तिचं मांजर मारायला न्यायला आलाय. पण ग्रेटा समोर होती. डॉटने नुसती मान हलवली.

मंगळवारी दुपारभर लिंडसे कामाला लागला. स्प्रिंगा पिशवीत घालून तेलाचे चार थेंब टाकून हलवल्या. दांड्यांना वंगण दिलं. तार चापून बसवली. आणि काम चोख व्हावं म्हणून प्रत्येक टोपीखाली रबराची एक बारीक चकती घातली, म्हणजे कळ तळाला टेकतानाही आवाज नको. बुधवारी सकाळी त्याने कीबोर्ड नेऊन जोडला आणि घरी येऊन रेडिओ लावला. फक्त डॉटचा आवाज. मागे काही म्हणजे काही नाही.

"बघ," तो मॉइराला म्हणाला. "मखमल."

तेवढ्यात डॉटने वाचलं, "कॅवेंडिशच्या रस्त्यावर क्लॅन्सी वुडरफच्या सत्त्याहत्तर मेंढ्या कुंपण तोडून गेल्यात. दिसल्या तर कळवा."

आता सत्त्याहत्तर मेंढ्या म्हणजे काही थोडक्या नव्हेत. लोक गाड्या काढून निघाले. शाळेच्या बसने वाट वाकडी केली. दोन जण मोटारसायकलवर, एक घोड्यावर. दुपारपर्यंत क्लॅन्सीच्या आवारात अकरा मेंढ्या आणून सोडल्या गेल्या आणि लोक उरलेल्या सहासष्ट शोधायला पुन्हा निघाले, तेव्हा क्लॅन्सी फाटकावर चढून ओरडला, "अरे थांबा बाबांनो! माझ्या सातच हरवल्या होत्या! या चार कुणाच्या?"

लिंडसेला हे पेट्रोल पंपावर कळलं. सगळे हसत होते, तोही हसला. मग त्याच्या मनात काहीतरी खटकलं. डॉट एकोणीस वर्षांत असं चुकली नव्हती. तो पंपावरून परस्पर केंद्रावर गेला.

डॉट एकटीच बसली होती, कीबोर्डवर हात ठेवून. "आलास?" ती म्हणाली. "ये. माझी फजिती केलीस ती बघायला ये."

"सात दोनदा दाबलं गेलं?"

"पहिल्यांदा दाबलं की नाही ते कळलंच नाही. म्हणून पुन्हा दाबलं." तिने दोन्ही हात उलटे करून त्याच्यापुढे धरले. "सहा वर्षांपूर्वी कॅन्सर झाला होता ना मला. रोग गेला, पण औषधांनी बोटांची टोकं मेली. पेला धरला तरी बघावं लागतं, हातात आहे का म्हणून. मी कानांनी टाइप करते, लिंडसे. खट् झालं की अक्षर पडलं. तू ते खट्च काढून नेलंस."

लिंडसे खुर्चीत बसला. त्याच्या हयातीत जे काही त्याने कमावलं होतं ते बोटांच्या टोकांवर. ती गेली असती तर आपण काय केलं असतं, हा विचार त्याला सहन होईना. त्याने आपले हात खिशात घातले.

"मला सोमवारीच सांगायचंस ना."

"त्या पोरीसमोर? एकदा कळलं की दया. दयेनंतर निरोप समारंभ. केक आणतील."

"केक वाईट नसतो."

"गप रे," डॉट म्हणाली, पण हसली.

गुरुवारी कार्यक्रम संपल्यावर लिंडसेने टेबलावरच दुकान मांडलं. रबराच्या एकशेचार चकत्या काढून टाकल्या. स्प्रिंगांचं तेल तसंच ठेवलं, कारण टिंग कुणालाच नको होता. तारही घट्टच ठेवली. दांड्यांचं जास्तीचं वंगण पुसून काढलं. मग एकेक स्विच कानाशी आणि बोटाशी धरून त्याने वाटण्या केल्या. ठणठणीत वाजणारे एका ढिगात, दबके दुसऱ्यात, वाया गेलेले तिसऱ्यात. ठणठणीत होते ते आकड्यांना आणि जास्त लागणाऱ्या अक्षरांना बसवले.

"हे ऐकू येतंय?"

"येतंय. पण मायक्रोफोनलाही येत असणार."

ते कळायला एकच मार्ग होता. ग्रेटा जेवायला गेली होती आणि त्या तासाला केंद्रावर नुसतं संगीत असायचं. डॉटने ते बंद करून स्वतःचा मायक्रोफोन उघडला. लिंडसे बाहेर गाडीत जाऊन रेडिओ लावून बसला. हॅमिल्टनने त्या दुपारी दहा मिनिटं काय ऐकलं असेल ते असो. डॉट म्हणायची, "आता सात. आता आठ," आणि लिंडसे गाडीतून उतरून पळत आत यायचा.

तिसऱ्या फेरीत त्याच्या लक्षात आलं की आवाज हवेतून जातच नाहीये. तो कीबोर्डातून टेबलात उतरतोय आणि टेबलातून मायक्रोफोनच्या दांड्यात चढतोय. त्याने गाडीच्या मागच्या भागातून खोगिराखाली घालायचा जाड लोकरी नमदा काढला, चाकूने कापला, कीबोर्डखाली एक आणि दांड्याखाली एक तुकडा सारला. पुन्हा गाडीत जाऊन बसला. रेडिओवर डॉट म्हणाली, "आता सात." मागे शांत. "दाबलं की रे मी. ऐकू आलं का? मला तर मस्त आलं. खट्!"

शुक्रवारी ग्रेटा कार्यक्रमभर कानाला हेडफोन लावून बसली. दहा वाजता तिने ते काढले. "उत्तम," ती म्हणाली. "पण काल दुपारी संगीताच्या वेळेत 'आता सात, आता आठ' काय होतं? बारा जणांनी विचारलं. दोघांना वाटलं, लॉटरीचे आकडे आहेत."

मग डॉटने तिला बोटांचं सांगितलं, अगदी थोडक्यात, फाइल लावता लावता. ग्रेटा लाल झाली. "मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस 'का', तेव्हा मी चिडलेली होते. आता नाहीये."

ग्रेटाने कपाटातला सपाट कीबोर्ड काढून स्वतःच्या खोलीत नेला. केकचं नावही कुणी काढलं नाही.

पुढच्या आठवड्यात लिंडसे सहज म्हणून केंद्रावर गेला. डॉट फोनची वाट पाहत बसली होती. त्याने खिशातून लोकरीच्या दोन बटा काढून तिच्यासमोर ठेवल्या, बोटभर लांब, पांढऱ्या.

"मला काय देतोस? मला कापूस आणि वीट सारखीच लागते."

"हात नको लावूस नुसता. दोन्ही टोकं धर. कानाशी ने. आता ताण आणि मधोमध करंगळीने टिचकी मार. लोकर बरी आहे का नाही ते आम्ही असंच बघतो. शेवटचा कौल कानाचा असतो."

डॉटने पहिली बट कानाशी ताणली आणि टिचकी मारली. बारीक, स्वच्छ आवाज आला, ताणलेल्या तारेसारखा. तिने भुवया उंचावल्या. दुसरीला टिचकी मारली, ती कचकचली.

"ही दुसरी कुजकी आहे," ती म्हणाली.

"मेंढी आजारी होती त्या वर्षी. अचूक."

"आणखी आहेत का?"

लिंडसेने कोटाचे दोन्ही खिसे टेबलावर रिकामे केले. फोन वाजला. डॉटने एक बोट वर करून फोनला थांबायला सांगितलं, जणू त्याला दिसत होतं, आणि तिसरी बट कानाशी नेली.