सह्यांची अदलाबदल

अमेरिकेतल्या एका राज्यात अ‍ॅटर्नी जनरलच्या, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाच्या, निवडणुकीत फरक उरला होता अवघ्या एकतीस मतांचा. टपाली मतांच्या पाकिटांवरच्या सह्या तपासणाऱ्या व्हर्नाला सकाळपासून धड बसवत नव्हतं. एकमेकांच्या पाकिटांवर सह्या करणाऱ्या नवरा-बायकांना ती फोनवरून झापत सुटली होती.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या जॉय्सने एक पाकीट नाचवलं. "बाई, हिला कोण झापणार?"

पाकिटावर नाव व्हर्नाचं, सही तिच्या नवऱ्याची!

तिने घरी फोन लावला. "एमेट, आपली पाकिटं बदललीत. पाचच्या आत सही करायला ये."

"कशाला? आपली मतं कायम एकमेकांविरुद्ध. दोन्ही बाद झाली तरी फरक शून्य!"

"चाळीस वर्षं माझं मत खोडत आलायस ना? मग बूट घाल आणि येऊन खोड. सोफ्यावर लोळत नाही खोडू देणार मी!"