आत्याने मारलेली रेघ

गिऱ्हाइकाला तोंडावर "पोट आत ओढू नका, कपडा खोटा बसतो" असं सांगणारी बाई त्या गल्लीत एकच. कपडे अल्टर करून देणारी आत्या. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक मशीन, एक आरसा आणि आडोशाला पडदा. परक्या मुलखात आली तेव्हा तिला इथल्या भाषेचं ओ की ठो कळत नव्हतं. गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत घालत शिकली. म्हणून आजही ती भाषा तिच्या तोंडून जरा भांडल्यासारखीच निघते.

भावाची चार वर्षांची पोर, चिमटी, दिवसभर दुकानातच असायची; आईबाप दोघंही कारखान्यात. घरच्या भाषेत पोपटासारखी चालू, पण शाळेच्या भाषेत तोंडाला कुलूप. नाव घालायला गेले, तर मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तीन महिन्यांनी पुन्हा आणा. बोलली तर प्रवेश, नाहीतर वर्ष गेलं. आणि घरात तुमची भाषा बंद करा. पोर गोंधळतं."

भाऊ घाबरला. त्याच संध्याकाळपासून पोरीशी शाळेच्या भाषेत बोलायला लागला. त्याची स्वतःचीच लंगडी. पोर गप्प झाली. तीन दिवस पाणी मागायचं तरी नुसतं बोट दाखवायची. आत्याचं डोकं फिरलं.

"अरे, भाषा शिकवतोयस की पोरीला मुकी करतोयस?"

"बाई म्हणाल्या ना..."

"बाई येणार आहेत का हिला झोपवायला? घरात आपलंच बोलायचं. ती दुसरी मी शिकवते दुकानात."

"तू? तुझं बोलणं ऐकून बाई खुर्चीवरून पडतील!"

"पडू देत. उचलून बसवू."

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू. दुकानात कोणी नसलं की घरची भाषा, गिऱ्हाईक आत आलं की त्यांची. आत्या आधी आपल्या बोलीत समजावायची, "बाही म्हणजे ही. कुठवर हवी ते विचारायचं." मग चिमटीला खडू देऊन पुढे ढकलायची, "जा, विचार." पोर अडखळायची. गिऱ्हाईक हसून शब्द पुरवायचं. बटणांच्या डब्यातून रंग आले, आकडे आले. महिनाभरात चिमटी स्टुलावर उभी राहून लोकांना दटावायला लागली.

परीक्षेच्या दिवशी भाऊ आणि आत्या दोघंही चिमटीला घेऊन शाळेत गेले. मुख्याध्यापिकांनी गाईचं चित्र पुढे धरलं. "हे काय आहे, बाळ?"

चिमटीने चित्राकडे बघितलंच नाही. तिची नजर बाईंच्या कोटावर.

"सरळ उभ्या राहा," ती शाळेच्या भाषेत खणखणीत म्हणाली. "श्वास सोडा. डावा खांदा उतरलाय. उसवावा लागेल. गुरुवारी या."

भावाने कपाळाला हात लावला. आणि बाई? बाई चक्क सरळ उभ्या राहिल्या! खिडकीच्या काचेत खांदा न्याहाळत म्हणाल्या, "बुधवारी नाही जमणार?"

"नाही. गर्दी आहे."

बाईंना हसू आवरेना. बसल्या आणि कागद पुढे सरकवला. "छान बोलते. आता या ओळीखाली सही करा. घरात यापुढे फक्त शाळेचीच भाषा."

भावाने पेन उचललं. आत्याने ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि त्या ओळीवर आडवी रेघ मारली.

"अहो, हे काय?"

"घरची भाषा बंद केली तेव्हा ही पोर पाणी मागायची थांबली होती. आज बोलली ना, त्यातलं एकेक आधी आमच्या भाषेत कळलं, मग तुमच्या भाषेत फुटलं. ते मी बंद करणार नाही."

"मग प्रवेश अडेल."

"अडवा. फक्त कारण लिहून द्या. पोर दोन भाषा बोलते म्हणून घेत नाही, असं. आणि खाली तुमची सही."

बाईंनी आत्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. चिमटी दोघींकडे बघत होती. मग बाईंनी त्या खोडलेल्या कागदावरच शिक्का मारला. "सोमवारी आठला. उशीर नको."

शाळेचा जिना उतरताना भाऊ म्हणाला, "तायडे, मला वाटलं प्रवेश गेलाच गं."

"मलाही तेच वाटलं," आत्या म्हणाली. "इतकी वर्षं सरळ शिवण घातली, आणि रेघ बघ कशी आली, वाकडीतिकडी!"