मावशीच्या गावचा मालधक्का

लोक युरोपला आयफेल टॉवर बघायला जातात. मी आणि माझे सासरे गेलो मालधक्का बघायला. तेही पोलंडमधल्या अशा गावात, ज्याचं नाव ऐकून व्हिसाच्या खिडकीतल्या बाईंनी मला विचारलं, "नक्की हेच गाव ना?" त्यावर अण्णा शांतपणे म्हणाले, "पॅरिस काय पळून जातंय का?"

सुरुवात वारज्यातल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर झाली. मी बाणेरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करते. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते. सासरी एवढी वर्षं काढल्यावर त्यासाठी वेगळं ट्रेनिंग लागत नाही. आमचा प्रोग्रॅम चीनहून युरोपला जाणाऱ्या मालगाड्यांचा माग ठेवतो. गाडी चोंगचिंगहून सुटते, कझाकस्तान, रशिया, बेलारूस ओलांडते, पोलंडमध्ये शिरते आणि शेवटी जर्मनीत दुइसबुर्गला पोचते. बोटीला लागतात त्याच्या निम्म्या दिवसांत. दोन्हीकडचे पुढारी या गाडीला हार घालतात, फिती कापतात, फोटो काढतात. माझ्या स्क्रीनवर मात्र ती फक्त एक हिरवा ठिपका असते. पोलंडच्या हद्दीवर Małaszewicze नावाच्या ठिकाणी हा ठिपका हटकून लाल होतो आणि शेजारी अक्षरं उमटतात, 'डिलेड'. नाव उच्चारायचं 'मावाशेविचे'. आमच्या घरात त्याचं 'मावशीचं गाव' झालं.

एका शनिवारी मी घरून काम करत होते. अण्णा पाठीमागे येऊन उभे राहिले.

"ही गाडी का थांबलीय?"

"तिथे गेज बदलतं अण्णा. रशियाकडचे रूळ रुंद, युरोपातले अरुंद. सगळे कंटेनर एका गाडीतून उचलून दुसऱ्या गाडीत ठेवतात."

अण्णा खुर्ची ओढून बसले. अण्णा म्हणजे रेल्वेतले निवृत्त गुड्स क्लार्क. उमेदीची वर्षं मिरजेच्या ट्रान्सशिपमेंट शेडमध्ये गेली. तिथे तेव्हा मीटरगेजवरून आलेला माल हमालांच्या पाठीवरून ब्रॉडगेजच्या डब्यांत चढायचा. प्रत्येक डब्याचं सील तपासायचं, आकडा मोठ्याने वाचायचा, हे अण्णांचं काम. पुढे सगळीकडे एकच गेज झालं आणि शेड बंद पडली. शेवटचा डबा निघाला त्या दिवशी अण्णा दुसऱ्या स्टेशनावर बदली होऊन गेलेले होते. माझा नवरा निरंजन हिंजवडीत मॅनेजर आहे आणि त्याचा एक ठरलेला विनोद आहे. "अण्णा, रूळ पहिल्यापासून एकाच मापाचे घातले असते तर तुमची नोकरीच नव्हती!" सगळे हसतात, अण्णाही हसतात. पण हसून झाल्यावर ते उठून गॅलरीत जातात, हे मी बारा वर्षं बघत आलेय.

"आणि याला ही मंडळी डिलेड म्हणतात?" अण्णा स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाले. "माल उतरवून चढवायचा म्हणजे वेळ लागणार. ते काम आहे, उशीर नव्हे." मग थोड्या वेळाने, वेगळ्याच आवाजात, "हे जगात अजून कुठे चालतं, मला माहीत नव्हतं. एकदा बघायला हवं."

निरंजन पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "हो हो, जाऊ की."

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी खुलासा: पुण्यात एकदा म्हटलेलं 'हो' म्हणजे हो. दोनदा म्हटलेलं 'हो हो' म्हणजे ऐकलं, आता विषय बदला. अण्णा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि गुडघे कुरकुरतात. त्या 'हो हो'वर मी विसंबले असते तर मावशीचं गाव राहूनच गेलं असतं. रात्री मी माझ्या रजा मोजल्या आणि दोन तिकिटं काढली.

आता कामाच्या गोष्टी. आम्ही मेमध्ये गेलो. हवा आपल्या डिसेंबरसारखी, एक स्वेटर पुरतो. मुंबईहून वॉर्सा एक विमान बदलून. वॉर्साहून हद्दीवरच्या तेरेस्पोलला, म्हणजे मावशीच्या गावाच्या शेजारच्या स्टेशनाला, थेट रेल्वे आहे, साधारण अडीच तास, तिकीट पुण्यातल्या दोन बऱ्या थाळ्यांच्या भावात. डावीकडची खिडकी घ्या. बर्चची झाडं, पिवळी शेतं, अधूनमधून घरटी करून बसलेले करकोचे. शाकाहारी असाल तर 'पिएरोगी रुस्कीए' हे दोन शब्द पाठ करा, पदार्थ सगळीकडे मिळतो. उकडलेल्या करंजीत बटाटा आणि चीज. अण्णांनी एक खाऊन अभिप्राय दिला, "करंजीत बटाटा. असो." मग उरलेल्या सात संपवल्या.

आमचा मुक्काम हालिनाबाईंच्या घरी होता. तीन खोल्या पाहुण्यांना देतात, नाश्ता त्यातच. बाईंना जर्मन येतं आणि मी पुण्यात चार वर्षं संध्याकाळी जर्मनचे क्लास केलेले, त्यामुळे आमचं गुळपीठ लगेच जमलं. शेजारच्या खोलीत लिऊ नावाचे चिनी गृहस्थ होते. आपल्या कंपनीचे कंटेनर हद्दीवरून नीट पार होतात की नाही, हे बघायला चोंगचिंगहून येऊन राहिलेले. त्यांची एक गाडी पलीकडे बेलारूसमध्ये खोळंबली होती, म्हणून फार उदास होते. अण्णांनी त्यांना मेतकूट-भात खाऊ घातला.

पहिल्याच नाश्त्याला चीन आणि युरोपची शिखर परिषद भरली. हालिनाबाई जर्मनमध्ये, लिऊ इंग्रजीत, आणि दुभाषी वारज्याची.

"यांच्या गाड्या येताना भरून येतात," हालिनाबाई लोणी लावत म्हणाल्या. "बूट, लॅपटॉप, खेळणी. परत जाताना निम्मे डबे रिकामे. त्यांना विचार, आमची सफरचंदं का नेत नाहीत?"

लिऊ म्हणाले, "आम्ही दुधाची पावडर नेतो, लाकूड नेतो, वाइन नेतो."

"वाइन फ्रान्सची. माझ्या भावाची बाग आहे इथे, त्याची सफरचंदं?"

लिऊंनी हसून मान डोलावली. "हाओ, हाओ."

'हाओ' म्हणजे 'बरं', पण मी हे भाषांतर करायच्या आतच अण्णा माझ्या कानाशी लागले. "नेणार नाहीत. हे आपलं 'हो हो' आहे." मी लिऊंना विचारलं, तर ते इतके खळखळून हसले की चहा सांडला. "तुमच्या सासऱ्यांना आमच्या वाणिज्य खात्यात पाठवा," ते म्हणाले. अण्णांची कॉलर दिवसभर ताठ होती.

यार्डात मात्र असं कुणालाही सोडत नाहीत, कुंपण आहे, कॅमेरे आहेत. पण ओळख कुठे नसते? हालिनाबाईंच्या चुलतबहिणीचा नवरा मारेक हा तिथला सुपरवायझर. बाईंनी मला त्याचा नंबर दिला, "मी त्याच्या कानावर घातलंय, तू वेळ ठरवून घे," असं सांगितलं आणि दोन दिवसांसाठी लेकीकडे निघून गेल्या. मी फोन लावला. अण्णा समोर बसलेले, नजर माझ्या तोंडावर.

मी सावकाश इंग्रजीत सगळं सांगितलं. भारतातून आलोय, सासरे रेल्वेत गुड्स क्लार्क होते, उद्या यार्ड बघता येईल का?

"नो," मारेक म्हणाला.

"फक्त दहा मिनिटं?"

"नो, नो."

"निदान फाटकाच्या आतून?"

"नो, नो, नो. फोर्टीन." आणि फोन ठेवला.

फोर्टीन म्हणजे चौदा दिवस आधी अर्ज करायला हवा होता, हे मला समजलं. अण्णांना मी काय सांगणार? त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलंच. "बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले. "परका माणूस मीही मालधक्क्यावर घेतला नसता." आणि उठून खिडकीशी गेले. तिथे गॅलरी नव्हती, एवढाच फरक. मला रडू यायचं बाकी होतं. या माणसाला मी गुडघ्यांसकट इतक्या लांब आणलं, ते त्याला पुन्हा एका खिडकीशी उभं करायला?

दुसरा दिवस आम्ही नदीवर काढला. हद्दीवरची ही नदी लिहिताना Bug आणि म्हणताना 'बुक'. आयुष्यभर प्रोग्रॅममधले बग शोधून पोट भरणाऱ्या बाईने तिथे फोटो काढणं भाग होतं. नदीकाठ सुंदर आहे, जरूर जा, डासांचं मलम न्या. लांबवर यार्डातल्या पिवळ्या क्रेनची डोकी दिसत होती. अण्णा तिकडे पाठ करून बसले आणि मला मिरजेच्या पेरूंबद्दल सांगत राहिले.

संध्याकाळी परतलो, तर हालिनाबाई एक दिवस आधीच परत आलेल्या आणि कमरेवर हात ठेवून दारात उभ्या.

"कुठे होतात? मारेक दोन वाजता फाटकावर उभा होता! नवी हेल्मेटं घेऊन!"

"पण तो तर नो म्हणाला. तीन वेळा नो म्हणाला."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग डोक्याला हात लावला, मग पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पोलिश लोक बोलता बोलता 'नो' म्हणतात ते 'हं, हो की' या अर्थाने. नो, नो, नो म्हणजे या, या, अगदी जरूर या. आणि फोर्टीन म्हणजे चौदा वाजता, दुपारी दोनला!

मी अण्णांना सांगितलं. ते पायरीवर हालिनाबाईंच्या शेजारी टेकले. मग म्हणाले, "आपण पुण्याचे. आपल्या 'हो हो'चा अर्थ 'नाही', हे आपल्याला माहीत. मग त्यांच्या 'नो नो'चा अर्थ हो असेल, एवढं सुचू नये?" आणि असे हसले, की ते हसू गॅलरीत जाणारं नव्हतं.

आमची वॉर्साची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची होती. हालिनाबाईंनी मारेकला फोन केला. सकाळी आठला या, म्हणाला. तेवढ्यात लिऊ जिन्यावरून धावत उतरले. त्यांची गाडी हद्द ओलांडून आली होती, तिचेच कंटेनर सकाळी उचलणार होते.

मारेक म्हणजे मिशीवाला धिप्पाड गडी. त्याने अण्णांना केशरी जाकीट आणि हेल्मेट घातलं. समोर दोन रूळजोड्या शेजारी शेजारी. डावीकडे चीनहून आलेली गाडी, उजवीकडे रिकामी, दुइसबुर्गला जायच्या तयारीतली. मारेकने हाताने खूण केली, दोन्ही मापांत फरक एवढाच, चार बोटं. अण्णा म्हणाले, "चार बोटांसाठी एवढा पसारा!" आणि मग अभिमानाने, "सांग त्याला, आपलं ब्रॉडगेज या दोघांपेक्षाही रुंद आहे."

क्रेन सरकत आली. एक निळा कंटेनर उचलला, हवेत जरासा डोलला आणि दुसऱ्या गाडीवर जाऊन बसला. आवाजसुद्धा फारसा नाही. अण्णांनी माझा दंड घट्ट धरला होता. "बघ," ते पुटपुटले, "अजून लागतंय. एवढ्या मोठ्या देशांनाही लागतंय."

मारेकने विचारलं, तुमच्याकडे कसं करायचे? अण्णांनी साभिनय दाखवलं. पाठीवर पोतं, फळीवरून चाल, शेवटी डब्याच्या दाराशी जाऊन सील तपासायचं. मारेकचे डोळे चमकले. त्याने हातातला सीलच्या आकड्यांचा कागद स्वतःकडे ठेवला आणि अण्णांना पुढच्या कंटेनरच्या दाराशी नेलं. "प्लीज," तो म्हणाला.

अण्णांनी चष्मा वर केला, सील दोन बोटांत धरून हलवून पाहिलं आणि एकेक आकडा इंग्रजीत मोठ्याने वाचला. असा खणखणीत आवाज मी घरी कधी ऐकला नव्हता. मारेक कागदावर आकडे ताडून बघत होता. शेवटच्या आकड्यानंतर अण्णा सवयीने ओरडले, "सील शाबूत!"

मारेकला शब्द कळला नाही, पण अर्थ कळला. त्याने कागदावर खूण केली आणि कौतुकाने मान हलवली. "नो, नो!"

"हो हो," अण्णा म्हणाले, आणि मारेकला कडकडून मिठी मारली. बाजूला लिऊ फोटो काढत होते. मी पुण्यात प्राचीला, माझ्या टीममधल्या मैत्रिणीला, फोन लावला. "जरा रिफ्रेश कर गं." "अय्या, हिरवा झाला!" ती बाणेरमधून ओरडली.

घरी येऊन आता महिना होऊन गेला. काय उरलं? हालिनाबाईंनी दिलेल्या सफरचंदाच्या मुरंब्याची एक बाटली उरली आहे. जेवताना पोळी वाढू का विचारलं की अण्णा "नो नो" म्हणतात आणि ताट पुढे करतात. मी ऑफिसात एक बग नोंदवला. मावाशेविचेला ठिपका लाल होतो आणि 'डिलेड' म्हणतो, हे चूक आहे, तिथे काम चालू असतं. जर्मन ग्राहकाचं उत्तर आलं, "या, या." जर्मनमध्ये 'या' म्हणजे 'हो', आणि तेही दोनदा, म्हणून मी आशा सोडली. तर गेल्या सोमवारी ठिपका तिथे पोचला आणि पिवळा झाला. शेजारी लिहिलेलं, 'ट्रान्सशिपमेंट'. सगळ्यांचेच दोनदा म्हटलेले 'हो' सारखे नसतात.

मी लॅपटॉप टेबलावर आणून अण्णांना दाखवला. निरंजनही मागे येऊन उभा राहिला. त्याने तो शब्द वाचला, मग लिऊंनी काढलेला फोटो बघितला, केशरी जाकिटातले अण्णा, हातात सील. बराच वेळ बघितला. त्याचा विनोद येईल म्हणून मी वाट बघत होते.

"अण्णा," तो खुर्ची ओढत म्हणाला, "मिरजेला तुम्ही नक्की काय करायचात?"

"मोठं आहे सांगायला," अण्णा म्हणाले. "वेळ आहे का तुला?"

"हो," निरंजन म्हणाला. एकदाच म्हणाला.